जुने पिस्तूल, नवा धनी

२२ नोव्हेंबर १९६३ रोजी डॅलस शहरात अध्यक्ष केनेडी यांची हत्या झाली. त्यानंतर सुमारे पाऊण तासाने त्याच शहराच्या दुसऱ्या भागात जे. डी. टिपिट हा पोलीस भर रस्त्यात मारला गेला. अध्यक्षांवर झाडल्या गेलेल्या बंदुकीची चर्चा जगभर झाली. टिपिटवर झाडल्या गेलेल्या रिव्हॉल्व्हरकडे मात्र फारसे कोणाचे लक्ष गेले नाही. वस्तुतः अमेरिकेतील शस्त्रांच्या प्रश्नाचे मर्म त्या बंदुकीपेक्षा या रिव्हॉल्व्हरच्या चरित्रात अधिक स्पष्टपणे दिसते.

हे रिव्हॉल्व्हर दुसऱ्या महायुद्धाच्या काळात स्मिथ अँड वेसन या विख्यात कारखान्यात ब्रिटनच्या सैन्यासाठी तयार झाले. युद्ध संपले, सैन्याला त्याची गरज उरली नाही, आणि अशा हजारो नगांबरोबर तेही भंगाराच्या भावाने व्यापाऱ्यांच्या हाती पडून मायदेशी परतले. तेथे त्याची डागडुजी झाली. पाच इंची नळी कापून सव्वादोन इंचांची करण्यात आली, कारण आखूड नळीचे शस्त्र खिशात मावते आणि म्हणून चटकन खपते. ब्रिटिश काडतूस जाडसर व आखूड, अमेरिकेत सर्वत्र मिळणारे काडतूस सडपातळ व लांब. तेव्हा फिरत्या चक्रातील काडतुसांची घरे कोरून लांब करण्यात आली. असे हे नूतनीकृत हत्यार ली हार्वे ऑसवाल्डने १९६३ च्या जानेवारीत खोट्या नावाने, टपालाने मागविले. किंमत २९ डॉलर ९५ सेंट. त्यांपैकी दहा डॉलर आगाऊ आणि बाकी रक्कम माल हाती पडताना, म्हणजे आपल्याकडील व्ही. पी. च्या रीतीने. घरे लांब केली तरी नळीचा व्यास जुनाच राहिला होता. त्यातून सुटणाऱ्या गोळ्या नळीत किंचित सैल बसत व त्यांच्यावर उमटणाऱ्या खुणा दर वेळी सारख्या नसत. परिणामी टिपिटच्या देहातून निघालेल्या गोळ्या याच नळीतून सुटल्या असे तज्ज्ञांना निखालसपणे सांगता येईना. त्यासाठी रस्त्यावर पडलेल्या रिकाम्या काडतुसांचा आधार घ्यावा लागला. स्वस्त डागडुजीने न्यायसहायक तज्ज्ञांनाही असे अडचणीत टाकले.

या व्यवहारात सैन्याने नको असलेला माल काढून टाकला, व्यापाऱ्याने तो दुरुस्त करून विकला, टपाल-विक्रीच्या पेढीने मागणी पुरविली. गिऱ्हाइकाचे खोटे नाव सोडले, तर या साखळीतील प्रत्येकाचे वर्तन बाजाराच्या नेहमीच्या रीतीस धरूनच होते. प्रश्न गंभीर होतो तो नेमका येथेच.

पिस्तूल ही अर्थशास्त्राच्या परिभाषेत टिकाऊ उपभोग्य वस्तू आहे. किंबहुना इतकी टिकाऊ वस्तू घरात दुसरी क्वचितच असेल. मोटार पंधरा-वीस वर्षांत मोडीत निघते, शिवणयंत्र दोन पिढ्या चालते. पण पोलादी रिव्हॉल्व्हर तेलपाणी करून ठेवले तर शंभर वर्षांनंतरही पहिल्या दिवसासारखे काम देते. अशा वस्तूच्या बाबतीत दर वर्षी किती नवे नग विकले गेले हा आकडा गौण ठरतो. महत्त्व असते ते साठलेल्या संचयाला. प्रवाह आणि संचय यांतील हा फरक अर्थशास्त्राच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याला शिकविला जातो, पण अमेरिकेच्या कायदेमंडळाने तो मनावर घेतल्याचे दिसत नाही. जिनीव्हा येथील 'स्मॉल आर्म्स सर्व्हे' या संस्थेने २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अंदाजानुसार अमेरिकन नागरिकांच्या हाती सुमारे ३९ कोटी ३० लाख बंदुका-पिस्तुले होती. हा आकडा त्या देशाच्या लोकसंख्येपेक्षा मोठा आहे. उद्या सकाळी सर्व कारखान्यांना टाळे लागले तरी हा साठा नातवंडांना पुरून उरेल.

या साठ्यात स्वस्त मालाची भर घालणारा एक मोठा पुरवठादार म्हणजे खुद्द सरकार. १९८० च्या दशकात अमेरिकेतील पोलीस खात्यांनी पारंपरिक सहाबारी रिव्हॉल्व्हर सोडून खटक्यात पुढची गोळी भरून घेणारी पिस्तुले स्वीकारली. पुढे १९९० च्या दशकात अनेक खाती पॉइंट चाळीस मापाकडे वळली. त्यानंतर, २०१४ पासून पुढे, एफबीआयने पुन्हा नऊ मिलिमीटरचा पुरस्कार केला आणि बाकीची खाती मागोमाग निघाली. प्रत्येक फेरबदलात हजारो जुनी हत्यारे फावली झाली. यांतील बऱ्याच हत्यारांचे खात्यांनी काय केले? जुनी भांडी देऊन नवे भांडे घेणाऱ्या गृहिणीप्रमाणे ती व्यापाऱ्याला दिली आणि त्यांची किंमत नव्या पिस्तुलांच्या बिलातून वळती करून घेतली. नगरपालिकेच्या अंदाजपत्रकात एवढीच बचत! व्यापाऱ्याच्या मांडणीवर मग ही पिस्तुले नव्याच्या निम्म्या किंवा त्याहूनही कमी दरात लागतात. सीबीएस वृत्तसंस्था व 'द ट्रेस' यांनी अन्य एका शोधपत्रकार गटासह २०२४ मध्ये केलेल्या पाहणीत, २००६ पासून पुढच्या काळात गुन्ह्यांच्या तपासात हाती लागलेल्या शस्त्रांपैकी ५२ हजारांहून अधिक शस्त्रे एके काळी पोलिसांचीच होती असे आढळले. ज्या पोलिसाच्या कमरेला ते पिस्तूल काल होते, त्याच्याच सहकाऱ्यावर ते उद्या रोखले जाण्याची शक्यता खात्याच्या हिशेबनिसाने कोणत्या खात्यावर नोंदविली असेल?

येथे खरेदीदाराची बाजूही नीट समजून घ्यावयास हवी. जुने पिस्तूल घेणारा प्रत्येक जण गुन्हेगार असतो अशी समजूत आपल्याकडे आहे. ती निराधार आहे. बहुसंख्य खरेदीदार हे साधे गृहस्थ असतात. कोणी निवृत्त कारागीर, कोणी मोटार दुरुस्त करणारा, कोणी रात्रपाळीहून एकट्याने घरी परतणारी परिचारिका. पाचशे-सहाशे डॉलरांचे नवे हत्यार त्यांना परवडत नाही, दीड-दोनशेचे परवडते. त्यांतील काहींना खरेदीपेक्षा डागडुजीतच रस असतो.

अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज अकरलॉफ यांनी १९७० साली जुन्या मोटारींच्या बाजारावर एक निबंध लिहिला. विकणाऱ्याला मालातील खोट ठाऊक असते, घेणाऱ्याला नसते. म्हणून घेणारा भाव पाडून मागतो, त्या भावात चांगला माल विकणारा बाजारातून निघून जातो आणि शेवटी रद्दी तेवढी उरते, असा त्यांच्या विवेचनाचा आशय होता. या विचाराला २००१ साली नोबेल पारितोषिकाचा मान मिळाला. जुन्या रिव्हॉल्व्हरच्या बाजाराला मात्र हा सिद्धांत अर्धवटच लागू पडतो. मोटारीच्या यंत्रात काय दडले आहे ते वरून कळत नाही. रिव्हॉल्व्हर हे त्या मानाने उघडे यंत्र आहे. जाणता गिऱ्हाईक ते रिकामे असल्याची खात्री करून घेतो, चक्र हाताने हलवून ढिले झाले आहे का पाहतो, उजेडाकडे धरून नळी तपासतो, घोडा आपल्या जागी पक्का बसतो की नाही ते पाहतो. पाच मिनिटांत बरेचसे कळून येते. पोलिसांकडून आलेल्या हत्यारावर कातडी म्यानाने घासून मुलामा उडालेला असतो, पण आतील झीज नाममात्र असते, कारण ते वर्षानुवर्षे वागविले गेले, झाडले गेले फार थोडे. असा नग बाहेरच्या रूपावरून स्वस्त मिळतो आणि जाणकार तो आनंदाने उचलतो. नव्या स्प्रिंगा, लाकडी मूठ, गंज खरवडून पुन्हा चढविलेला निळसर काळा रंग एवढे केले की जुने हत्यार देखणे होते. या सर्व भागांची स्वतंत्र बाजारपेठ आहे; मोडीत काढलेल्या हत्यारांचे सुटे भाग टपालाने घरपोच येतात.

सोव्हिएत संघ कोसळल्यानंतर पूर्व युरोपातील कोठारे रिकामी होऊ लागली, तेव्हा या हौसेला उधाण आले. झारच्या काळात, १८९५ साली रशियन सैन्याने स्वीकारलेले नागाँ जातीचे सातबारी रिव्हॉल्व्हर या शतकाच्या पहिल्या दशकात अमेरिकेत शंभर डॉलरांच्याही आत मिळत असे. कोठारात ठेवताना माखलेले चिकट वंगण धुऊन काढणे हाच त्याच्या दुरुस्तीतील मुख्य कार्यक्रम. या मंडळींचा हिशेब मोठा गमतीचा असतो. दीडशेचे पिस्तूल, ऐंशीचे सुटे भाग आणि चार शनिवार. एवढ्या पैशांत थोडी भर घालून याहून चांगला नग सहज मिळाला असता. पण हौशी माणूस आपल्या श्रमाचे मूल्य शून्य धरतो. पुण्याच्या जुन्या बाजारातून बंद पडलेले घड्याळ आणून रविवारभर उघडून बसणाऱ्या गृहस्थाचा हिशेबही याहून वेगळा नसतो. फरक एवढाच, की घड्याळ दुरुस्त झाले तर वेळ दाखविते.

आणि हा फरक लहान नाही. अमेरिकेत २०२१ साली बंदुका-पिस्तुलांनी ४८ हजार ८३० माणसे दगावली. त्यांपैकी २६ हजार ३२८ आत्महत्या होत्या. म्हणजे निम्म्याहून अधिक मृत्यूंमध्ये मारणारा आणि मरणारा एकच होता. चोरापासून रक्षण करण्यासाठी खणात ठेवलेले, दुरुस्त करून चकचकीत केलेले पिस्तूल घरातल्याच एखाद्या खचलेल्या माणसाच्या हाती लागते, हा त्या देशातील नित्याचा दुःखद प्रकार आहे. खरेदीच्या वेळी नळी पाहिली जाते, चक्र पाहिले जाते; हा धोका मात्र पाच मिनिटांच्या तपासणीत दिसत नाही.

जुन्या पिस्तुलातील खरी अदृश्य बाब यांत्रिक नाही; ती आहे त्याचा पूर्वेतिहास आणि त्याचा पुढचा प्रवास. रॉबर्ट केनेडी यांच्यावर ५ जून १९६८ रोजी सरहान सरहानने झाडलेले रिव्हॉल्व्हर हे पॉइंट बावीस मापाचे, आयव्हर जॉन्सन बनावटीचे स्वस्त हत्यार होते. ऑगस्ट १९६५ मध्ये लॉस एंजेलिसच्या वॉट्स भागात दंगल उसळली, त्या भयाने एका वृद्ध गृहस्थाने ते स्वसंरक्षणासाठी घेतले. पुढे ते त्याने मुलीला दिले. मुलीला ते घरात नको झाले, तिने शेजारच्या तरुणाला देऊन टाकले. त्या तरुणाने ते आपल्या बरोबर नोकरी करणाऱ्या माणसाला २५ डॉलरांना विकले. हा माणूस म्हणजे सरहानचा भाऊ. पहिल्या खरेदीची दुकानात नोंद होती. पुढची तिन्ही हस्तांतरे घरगुती, निरुपद्रवी हेतूंनी झालेली आणि कोणत्याही प्रत्यक्ष चौकशीविना झालेली. शेजारधर्माने दिलेले पिस्तूल कोठे जाऊन पोहोचेल हे त्या मुलीला कसे कळावे?

त्याच वर्षी एप्रिलमध्ये मार्टिन ल्यूथर किंग यांचीही हत्या झाली होती. या दोन हत्यांनंतर ऑक्टोबर १९६८ मध्ये शस्त्रनियंत्रणाचा संघराज्यीय कायदा झाला. टपालाने पिस्तूल मागविणे बंद झाले, परराज्यातील सामान्य नागरिकाला पिस्तूल विकण्यास मनाई झाली, सैन्याच्या जुन्या शस्त्रांची आयात रोखली गेली. ऑसवाल्डने वापरलेला मार्ग बंद झाला, पण सरहानचा मार्ग तसाच मोकळा राहिला. एकाच राज्यातील दोन खासगी व्यक्तींनी आपापसांत केलेल्या विक्रीकडे या कायद्याने पाहिलेच नाही. १९९३ च्या ब्रॅडी कायद्याने खरेदीदाराची पूर्वतपासणी आवश्यक केली, तीही परवानाधारक दुकानदाराकडील विक्रीपुरतीच. अमेरिकेच्या न्याय खात्याने २०१६ साली कैद्यांची पाहणी केली. गुन्ह्याच्या वेळी ज्यांच्याजवळ शस्त्र होते त्यांच्यापैकी सुमारे ४३ टक्क्यांनी ते रस्त्यावरच्या चोरट्या बाजारातून मिळविले होते, तर सुमारे २५ टक्क्यांना ते आप्तेष्टांकडून वा मित्रांकडून मिळाले होते. दुकानातून वा तत्सम उघड विक्रीतून शस्त्र घेणारे दहा टक्क्यांच्या आसपास होते. कायद्याचा सारा पहारा दुकानाच्या दारावर, आणि वर्दळ मात्र मागच्या बोळात!

१९६८ च्या कायद्यातील दुसरी उणीव व्याख्येची आहे, आणि डागडुजीच्या व्यापाराशी तिचा थेट संबंध आहे. त्याआधीच्या १९३८ च्या कायद्यात शस्त्राचा कोणताही भाग शस्त्रच समजला जात असे. नव्या कायद्याने फक्त सांगाड्यालाच शस्त्र मानले; नळी, चक्र, चाप, घोडा हे सारे साधे लोखंडी सामान झाले. प्रशासनाच्या सोयीसाठी केलेला हा बदल व्यापाऱ्यांच्या पथ्यावर पडला. खेळासाठी उपयुक्त नसलेल्या स्वस्त पिस्तुलांची आयात बंद होताच जर्मनीतून सुटे भाग येऊ लागले व मायामी शहरात त्यांची जुळणी होऊ लागली. तेथे जुळविलेले असेच एक पॉइंट बावीसचे रिव्हॉल्व्हर जॉन हिंकलीने डॅलसच्या एका गहाणवटीच्या दुकानातून ४७ डॉलरांना घेतले आणि ३० मार्च १९८१ रोजी अध्यक्ष रेगन यांच्यावर सहा गोळ्या झाडल्या. त्यांतील एक गोळी लागून ज्यांना कायमचे अपंगत्व आले ते अध्यक्षांचे वृत्तसचिव जेम्स ब्रॅडी. वर उल्लेखिलेल्या कायद्याला त्यांचेच नाव आहे.

इतके झाल्यावर कोणीही म्हणेल, की ही स्वस्त हत्यारेच बंद करा. अशा हत्यारांना अमेरिकेत 'सॅटर्डे नाइट स्पेशल' हे हेटाळणीचे नाव आहे. मेरीलँड राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८५ मध्ये असे हत्यार बनविणाऱ्याला त्यापासून होणाऱ्या इजेबद्दल जबाबदार धरले. १९८८ मध्ये तेथील विधिमंडळाने ही जबाबदारी काढून घेतली आणि तिच्या जागी विक्रीयोग्य पिस्तुलांची अधिकृत यादी करण्याचे मंडळ नेमले. मतदारांनी त्याच वर्षी सार्वमताने या कायद्याला संमती दिली. जस्ताच्या मिश्रधातूचे ओतीव, नेम नसलेले, क्वचित धन्याच्याच हातात दगा देणारे पिस्तूल बाजारातून गेले तर त्याबद्दल कोणी अश्रू ढाळू नयेत. ग्राहकसंरक्षणाच्या दृष्टीनेही ते योग्यच आहे.

परंतु किंमत वाढविणे हाच जर नियंत्रणाचा मार्ग ठरला, तर त्याचा इतिहास फारसा उज्ज्वल नाही. १८७९ साली टेनेसी राज्याने पिस्तुलांच्या विक्रीवर बंदी घातली आणि केवळ सैन्यात व आरमारात वापरल्या जाणाऱ्या नमुन्यांना सूट दिली. ही सैनिकी रिव्हॉल्व्हरे महाग असत. गोऱ्या निवृत्त सैनिकांच्या घरी ती आधीच होती. नुकत्याच दास्यमुक्त झालेल्या निग्रो शेतमजुराला ती घेणे शक्य नव्हते. कायद्यात वर्णाचा उल्लेख नव्हता, तो किमतीत होता. दोनच वर्षांनी आर्कान्सॉ राज्याने हाच कित्ता गिरविला. किमतीची भिंत उभारली की तिच्या आत श्रीमंत राहतात आणि बाहेर गरीब. सज्जन आणि दुर्जन अशी विभागणी ती भिंत करीत नाही.

किमतीच्या भिंतीचा अनुभव आपल्यालाही आहे. राणीच्या राज्यात १८७८ च्या शस्त्रकायद्याने हिंदी प्रजेला निःशस्त्र केले, याची चीड राष्ट्रीय चळवळीत इतकी खोल होती, की १९३१ च्या कराची काँग्रेसने मूलभूत हक्कांच्या ठरावात, नियम व मर्यादांच्या अधीन राहून का होईना, शस्त्र बाळगण्याच्या हक्काचाही समावेश केला होता. घटना समितीत डिसेंबर १९४८ मध्ये ह. वि. कामत यांनी तशी दुरुस्तीही सुचविली. डॉ. आंबेडकरांनी ती स्वीकारली नाही. असा सरसकट हक्क दिला तर गुन्हेगारी प्रवृत्तीचे लोकही त्यावर दावा सांगतील, ही त्यांची हरकत होती. पुढे आलेल्या १९५९ च्या कायद्याने प्रत्येक शस्त्राला परवान्याशी बांधले. एका परवानाधारकाला आपले शस्त्र दुसऱ्यास विकावयाचे असेल तर जिल्हादंडाधिकाऱ्याला वा पोलीस ठाण्याला आगाऊ लेखी कळवावे लागते. अमेरिकेत जी कडी गळालेली आहे ती आपल्या कायद्यात आहे, हे मान्य करावयास हवे.

पण १९८० च्या दशकात परदेशी पिस्तुलांची व्यापारी आयात आपल्याकडे थांबली, आणि संचयाचे अर्थशास्त्र उलट्या दिशेने काम करू लागले. अमेरिकेत दोनशे-तीनशे डॉलरांना पडून असणारे जुने विलायती रिव्हॉल्व्हर भारतात लाखांच्या घरात जाऊन बसले. आजोबांच्या परवान्यावरचे वेब्ली हे सोन्याच्या दागिन्यासारखे वारसाहक्काचे धन झाले. सरकारच्या कानपूर येथील कारखान्याने २०१४ मध्ये खास महिलांसाठी म्हणून काढलेल्या 'निर्भीक' रिव्हॉल्व्हरची किंमतही १ लाख २२ हजारांच्या आसपास होती. ते ज्या स्त्रियांसाठी असल्याचे सांगण्यात आले, त्यांतील किती जणींच्या आवाक्यात ती होती? ज्याला परवाना मिळणार नाही आणि पैसाही नाही, त्याच्यासाठी मुंगेरच्या बाजूला लोहारकामातून घडणारा गावठी कट्टा आहेच. आपल्या वृत्तपत्रांच्या जिल्हा पानावर कट्टा आणि जिवंत काडतुसे सापडल्याची बातमी नाही असा आठवडा विरळाच. किमतीच्या भिंतीखालून बोगदा निघतो तो असा. मात्र आपल्याकडे नोंदीची शिस्त आहे म्हणूनच कट्टा हा कट्टा म्हणून ओळखता येतो. कायदेशीर माल आणि बेकायदेशीर माल यांच्यात रेषा आखता येते. अमेरिकेत एकच पिस्तूल सकाळी कायदेशीर आणि सायंकाळी बेकायदेशीर असू शकते, आणि मधल्या दुपारी काय घडले त्याचा कागद कोठेही नसतो.

साठा कमी करण्याचा सरळ उपाय म्हणजे सरकारने तो विकत घेणे. ब्रिटनने १९९६ च्या डनब्लेन येथील शाळेतील हत्याकांडानंतर पिस्तुलांवर बंदी घातली व सुमारे १ लाख ६२ हजार पिस्तुले मोबदला देऊन जमा करून घेतली. बंदी आणि नोंद या दोहोंच्या आधारावर ते साधले. अमेरिकन शहरांतील ऐच्छिक खरेदीच्या मोहिमा म्हणजे अकरलॉफच्या सिद्धांताचे प्रात्यक्षिकच आहेत. नगाला ठरावीक रक्कम मिळणार म्हटल्यावर लोक कोणते नग आणतात? माळ्यावरचे, गंजलेले, चाप अडकलेले. चालते हत्यार घरीच राहते. त्यावर कडी म्हणजे, जमा झालेली शस्त्रे नष्ट करण्याचे काम घेणाऱ्यांपैकी काही जण केवळ सांगाडा चिरडतात आणि उरलेले भाग संच करून विकतात, असे 'न्यूयॉर्क टाइम्स'ने डिसेंबर २०२३ मध्ये उघडकीस आणले. यात कायद्याचा भंग नाही. कारण कायद्याच्या लेखी सांगाडा नष्ट झाला की शस्त्र नष्ट झाले. नवा सांगाडा घेऊन त्यावर तेच भाग बसविणे हे मग कोणाही हौशी कारागिराचे काम. १९६८ मधील एका व्याख्येची ही फळे शहरांच्या तिजोरीतून मोबदला देऊन घेतली जात आहेत.

मग राहतो तो एकच व्यवहार्य मार्ग: हस्तांतर कितव्यांदाही होवो, ते दुकानदाराच्या वहीतून व खरेदीदाराच्या तपासणीतून जावे. कॅलिफोर्नियाने १९९१ पासून खासगी विक्रीलाही ही अट घातली आहे, आणि आणखी काही राज्यांनी निरनिराळ्या स्वरूपात तिचे अनुकरण केले आहे. या तपासणीचे शुल्क मात्र खरेदीदाराच्या माथी पडते. हजार डॉलरांच्या पिस्तुलाला ते जाणवत नाही. दीडशेच्या जुन्या रिव्हॉल्व्हरला ते चांगलेच बोचते, आणि असे व्यवहार पुन्हा मागच्या बोळाकडे वळतात. तेव्हा हा खर्च सरकारी तिजोरीने उचलणे इष्ट. रात्रपाळीच्या परिचारिकेला किमतीने अडवावयाचे नसेल आणि सरहानच्या भावाला तपासणीशिवाय जाऊ द्यावयाचे नसेल, तर दोन्ही साधण्याची हीच रीत आहे. पोलीस खात्यांनी आपली जुनी हत्यारे बाजारात सोडण्याऐवजी सुट्या भागांसकट वितळवावीत. बिलातून वळती होणारी रक्कम एका खुनाच्या तपासाच्या खर्चापुढे काहीच नाही.

या सूचनेला विरोध होतो तो नोंदीच्या भीतीपोटी. आज नोंद, उद्या जप्ती, अशी शस्त्रधारकांच्या संघटनांची धारणा आहे. आणि १९८६ च्या कायद्याने संघराज्य सरकारला शस्त्रधारकांची मध्यवर्ती नोंदवही ठेवण्यास मनाईच केली आहे. वेस्ट व्हर्जिनिया राज्यातील मार्टिन्सबर्ग येथे शस्त्रांचा माग काढणारे राष्ट्रीय केंद्र आहे. गुन्ह्यात सापडलेल्या पिस्तुलाचा क्रमांक तेथे येतो. कर्मचारी कारखान्याला विचारतात, कारखाना घाऊक व्यापाऱ्याचे नाव सांगतो, घाऊक व्यापारी दुकानदाराचे. दुकान बंद पडले असेल तर त्याच्या वह्या खोक्यांत भरून याच केंद्रात आलेल्या असतात. त्यांची छायाचित्रे संगणकावर आहेत, पण त्यांत खरेदीदाराच्या नावाने शोध घेण्याची सोय ठेवलेली नाही. एकेक पान उलटून पाहावे लागते. अखेर एखाद्या पानावर पहिल्या खरेदीदाराचे नाव सापडते. पिस्तूल तीस वर्षांपूर्वी विकले गेलेले असते, आणि पुढे ते कोणाच्या खणात, कोणाच्या कार्यशाळेत, किती हातांतून फिरले हे सांगणारे पुढचे पान त्या इमारतीत नसते.